रामाचं नाणं आणि हालीचा रुपया

घनसावंगीला आमचं सराफीचं छोटं दुकान, घर जांबला. जुनी नाणी माझ्याकडे दोन वाटांनी येतात. काही मोडीत घालायला, काही ‘काय येतील हो याचे?’ असं विचारायला. विचारायला येणाऱ्यांत एक नाणं हटकून असतं. एका अंगाला राम, लक्ष्मण, सीता आणि मारुती. दुसऱ्या अंगाला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी, आणा आणि १८१८ साल. जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव, त्यात रामनवमीची गर्दी. असलं नाणं विकणाऱ्याला इथे गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागत नाही.

मध्यंतरी आमच्या आळीतला एक पोरगा तसलं नाणं रुमालात बांधून आला. “काका, पेशवाई बुडाली त्या सालचं आहे. इंग्रजांनीसुद्धा राम मानला होता बघा. एक जण पाच हजाराला देतो म्हणतोय.”

“गोष्ट बाजूला ठेव आणि नाणं इकडे दे,” मी म्हटलं आणि त्याच्या हातात भिंग दिलं. अक्षरांच्या कडा फुगीर, बोथट. मधल्या सपाट जागेत बारीक दाणे उठलेले. कडेवर घासून लपवलेली जोडाची रेघ. ही सगळी ओतीव कामाची लक्षणं. ठशाखाली पाडलेल्या नाण्याचं अक्षर झिजलं तरी त्याच्या मुळाशी धार राहते. त्याच माणसाकडून पोराच्या मित्रानंही एक घेतलं होतं. दोन्ही काट्यावर टाकली तर वजनात दीड ग्रॅमचा फरक. टांकसाळीत एवढी मोकळीक नसते.

भिंग नसलं तरी हे ओळखता येतं. कंपनीनं राम-सीतेचं नाणं कधी पाडलंच नाही. १८१८ साली मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांची नाणी निरनिराळी होती. सगळीकडे एकसारखं चलन आलं ते १८३५ पासून. शिवाय आपला मुलूख तेव्हा निजामाचा. रामटंके म्हणून जे मिळतात ते पूजेसाठी, देवाला वाहण्यासाठी केलेले. बाजारात चालणारं नाणं ते कधीच नव्हतं. देव्हाऱ्यात असेल तर खुशाल राहू द्या. फक्त त्यापायी पाच हजार मोजू नका.

राम-सीता असलेलं खरं नाणं अकबरानं पाडलं होतं. त्याच्या इलाही सन ५० मध्ये, म्हणजे १६०४-०५ च्या सुमारास. धनुष्य घेतलेला राम, मागे सीता आणि वर नागरीत दोघांची नावं. समर्थांचा जन्म १६०८ चा, म्हणजे हे नाणं त्याच्या जरासं आधीचं. याचे मोजकेच नमुने उरलेत आणि ते संग्रहालयांत आहेत. जत्रेत चादरीवर मांडलेले नसतात.

नाणं तांदूळ ओढतं म्हणून लाखोंचा सौदा सांगणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. तांदळात लोखंडाचा कीस, नाण्यामागे चुंबक, एवढाच तो खेळ. ‘तपासणीसाठी शास्त्रज्ञ बोलवायचेत’ म्हणून पैसे मागितले की समजून जा. फोनवरचा धंदा त्याहून वाईट. वैष्णोदेवीच्या पाच रुपयाला, ट्रॅक्टरच्या नोटेला लाख रुपये देतो म्हणायचं आणि आधी नोंदणी, कर, कमिशन भरायला लावायचं. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे की आम्ही अशा व्यवहारात नाही आणि कुणाला आमच्या नावानं पैसे घ्यायचा अधिकार दिलेला नाही.

या नादात हातातलं सोडून पळत्यामागे धावणं होतं, कारण बघण्यासारखी नाणी आपल्याच घरात पडून असतात. आपल्याकडे ती हालीची, म्हणजे निजामाच्या चलनाची. चारमिनार असलेला रुपया आजीच्या गाठोड्यातून निघतो आणि ‘उर्दूतला आहे, काय कळत नाही’ म्हणून सरळ मोडीत येतो. जरा उजेडात धरून बघा. हिजरी सन असतं. १३२१ म्हणजे आपला १९०३. या सुमारापासून हे यंत्रावर पाडलेले चारमिनारछाप रुपये सुरू झाले. कमानीच्या दारात एक अक्षर दिसेल. ‘मीम’ असेल तर महबूब अली खान, ‘ऐन’ असेल तर १९११ साली गादीवर आलेला उस्मान अली खान. कोण राजा, कोणतं साल, हे फारसी न शिकता कळतं.

आता तोच रुपया राणीछाप रुपयाशेजारी काट्यावर ठेवा. हाली ११.१८ ग्रॅम, राणीछाप कलदार ११.६६. चांदीही निराळी, हजारात हालीत ८१८ भाग, कलदारात ९१७. म्हणून सात हाली दिले की सहा कलदार, असा साधारण हिशेब चाले. सरहद्दीपलीकडे बैलबाजाराला जाणाऱ्या माणसाला हा बट्टा तोंडपाठ असायचा. मोडीत या रुपयाला फक्त चांदीचा भाव येतो, तोही घट धरून. मी सराफ असून सांगतो, वितळवण्याआधी सन वाचून घ्या.

आणि घासू नका. चिंच, लिंबू, राख, पितांबरी, काहीही नको. तांब्याच्या शिवराईवरचा काळपट थर घासला की ‘श्री राजा शिव’ ही अक्षरं त्याच्याबरोबर जातात, मग उरतो तो तांब्याचा तुकडा. माती असेल तर साध्या पाण्यात भिजत ठेवा आणि मऊ कापडानं टिपा. नाणं कडेला धरा. स्वस्त मऊ प्लास्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षं ठेवलेल्या तांब्यावर हिरवा चिकटा धरतो. कागदी पाकीट बरं. पाकिटावर नाणं कुणाकडून, कधी आलं तेही लिहा.

ते लिहिणं आमच्या गावाला वेगळं पटवावं लागत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये राममंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या. पोलिसांनी पुढे त्या शोधल्या, पण तोवर गाव सुतकात असल्यासारखं होतं. तेव्हापासून ‘कुठून आणलं?’ याला नीट उत्तर न देणाऱ्याची वस्तू मी दुकानात ठेवूनही घेत नाही.

गोदाकाठी नांगराला गाडगं लागलं, असं दर दोन-चार वर्षांनी ऐकू येतं. तिथे लोक घाबरतात आणि रातोरात नाणी वाटून, वितळवून मोकळे होतात. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांवर चांदीची नाणी एकत्र सापडली. क्षत्रप नहपानाची नाणी, त्यांतल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. कोण कुणाकडून हरला हे त्या ढिगानं सांगितलं. सुटी होऊन गेली असती तर ते कळलं नसतं. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. मालक ठरला नाही आणि आपसात वेगळा करार नसला तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा; आणि सरकारनं ठेवून घेतलं तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जादा देऊन. तेव्हा गाडगं तसंच ठेवून आधी तहसील गाठा, अर्जाची पोच घ्या आणि पंचनाम्यात प्रत्येक नाण्याचं वजन लिहून घ्या. काटा लागला तर आमचा आहे.