आठवण ठेवणारे औषध

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर किल्लारीची घरे बदलली. दगडमातीच्या जाड भिंती किती घातक ठरतात, हे या परिसराने हजारो जीव गमावून जाणले. ती आठवण नव्या बांधकामात उतरली. मानवी शरीरही एकदा ओळखलेला शत्रू असाच लक्षात ठेवते. या शक्तीवर उभ्या असलेल्या एका उपचाराची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

लिम्फोमा हा पांढऱ्या रक्तपेशींचा, बहुधा ‘बी’ पेशींचा, कर्करोग होय. शरीराच्या रक्षक ‘टी’ पेशींना तो पुरेसा ओळखता येत नाही, कारण त्या रोगट पेशी आपल्याच शरीरातून उपजलेल्या असतात. म्हणून रुग्णाच्या रक्तातून टी पेशी वेगळ्या काढतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांत नवे जनुक घालतात. त्यामुळे बी पेशींवरील ‘सीडी-१९’ ही खूण त्यांना ओळखता येते. यांनाच ‘कार-टी’ पेशी म्हणतात.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या या पेशी रुग्णास परत दिल्या जातात. खरी वाढ त्यानंतर होते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत त्या झपाट्याने वाढतात. या काळात तीव्र ताप येऊ शकतो, रक्तदाब घसरू शकतो. म्हणून रुग्णावर रुग्णालयात बारीक लक्ष ठेवावे लागते. शत्रू संपत आला की बहुतेक पेशी नष्ट होतात. थोड्या स्मृतिपेशी होऊन मागे राहतात. २०१० साली अमेरिकेत रक्ताच्या कर्करोगासाठी हा उपचार घेतलेल्या दोन रुग्णांत दहा वर्षांनंतरही त्या आढळल्या, आणि दरम्यान त्यांचे स्वरूपही पालटले होते. मात्र प्रत्येक रुग्णात असे घडत नाही. कधी कर्करोगच आपली खूण पुसून निसटतो.

आपल्या राज्यात मुंबईची आयआयटी व टाटा मेमोरियल सेंटर यांच्या संशोधनातून ‘नेक्सकार-१९’ घडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यास शासकीय मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचे लोकार्पण केले. परदेशाच्या तुलनेत खर्च पुष्कळ कमी, तरीही तो लाखांच्या घरात आहे. शेतमजुराच्या लेकरास तो मिळेल तेव्हाच ही विद्या समतेची झाली, असे आम्ही मानू.

दुःखाला कारण असते आणि कारण जाणल्यास निवारणाचा मार्ग सापडतो, हे तथागतांनी शिकविले. रुग्ण भिक्खूची शुश्रूषाही त्यांनी स्वहस्ते केली. म्हणून पालकांना आमची विनंती आहे: मानेत, काखेत वा जांघेत आलेली गाठ दुखत नाही म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. अंगारा-गंडा न बांधता डॉक्टरांना दाखवा. आणि विद्यार्थिमित्रांनो, जीवशास्त्राचे पुस्तक केवळ परीक्षेपुरते उघडू नका. हा उपचार स्वस्त करण्याचे काम अजून शिल्लक आहे. ते करणारे हात याच वसतिगृहातून जावेत.