बटव्याचे पैसे घ्यावेत का?

प्रश्न : मी भोपाळला राहते. जरदोजीचे बटवे करणं हा माझा जुना नाद. आता चार बायका माझ्याकडे शिकून काम करतात. पैसे घेतले की सेवा उरत नाही, असं घरचे म्हणतात. ट्रस्ट काढून देणग्या मागू का?
— एक वाचक

उत्तर : ताई, नका मागू. 1959 साली मुंबईत गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, तोच आजचा लिज्जत पापड. देणग्यांवर त्या विसंबल्या नाहीत; लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण ठरली. तुमच्या चौघींना ठरलेली मजुरी मिळते, की ‘ताई देतील ते’? मला खरी अडचण तिथे दिसते. बटव्याला लागणारे तास मोजा. मजुरी आधी धरा, मग जर-मखमल, शेवटी तुमचा नफा. गिऱ्हाईकानं घासाघीस केलीच, तर ती नफ्यातून जाऊ दे.

सध्या तुमच्या नावावर लघुउद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी पुरे. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते. पैसे मागणारा दलाल दारातूनच परत पाठवा. पुढे भागीदारी केलीत तर वाटे कागदावर लिहा, कितीही मैत्री असो. तुमच्या भोपाळच्या गौहर महालात हस्तकला प्रदर्शनं भरतात, तिथे थोडे बटवे ठेवून पाहा. मोठी ऑर्डर आगाऊ रकमेशिवाय घेऊ नका. आणि हो, रात्री मिणमिणत्या दिव्याखाली जरदोजी नको, डोळ्यांवर ताण येतो.