मुंगीची दोन पोटं



आजचं चिंतन : श्रीमद्भागवत, स्कंध ११, अध्याय ७ ते ९ (अवधूतांचे गुरू)

यदुराजाला भेटलेले अवधूत सांगतात, की मी २४ गुरू केले. पृथ्वी, वारा, समुद्र, अजगर, मासा, कोळी, लहान मूल... यादी मोठी आहे. त्यात मधमाशी आहे. मुंगी मात्र नाही. तरीही आज मी मुंगीकडेच वळतोय, आणि त्याला कारण आहे.

आपल्या वाचकांपैकी एका ताईने मला मेसेज केला. नोकरीला दोन वर्षं झाली. पगारातला बराचसा भाग घरी जातो. उरलेल्यात रूमचं भाडं, डबा, प्रवास. सोबतच्या सगळ्यांच्या एसआयपी सुरू आहेत, हिच्या खात्यात महिनाअखेरीस काहीच उरत नाही. आई म्हणते, मुंगीसारखं थोडं थोडं साठव. आणि भागवत वाचायला घेतलं तर तिथे साठवू नका असं लिहिलेलं! मग ऐकायचं कुणाचं?

प्रश्न खरा आहे. तुमच्यातल्या अनेकांचा असेल. म्हणून आधी भागवत नेमकं काय सांगतं ते पाहू.

मधमाशीकडून अवधूत शिकले, की भिक्षूने संध्याकाळसाठी किंवा उद्यासाठी अन्न साठवून ठेवू नये. माशी साठवते आणि त्या साठ्यासकट स्वतःही जाते. हे संन्याशाला सांगितलंय, हे लक्षात ठेवा. पुढे मध गोळा करणारा माणूसही गुरू म्हणून येतो. त्याच्याकडून मिळालेला धडा मात्र आपल्या सगळ्यांसाठी आहे : लोभी माणूस कष्टाने जमवतो, स्वतः उपभोगत नाही, कुणाला देतही नाही, आणि शेवटी ते तिसराच घेऊन जातो. म्हणजे दोष नुसत्या साठवण्यात नाही. आपल्यालाही नाही आणि दुसऱ्यालाही नाही, अशा अडवून ठेवण्यात आहे.

आता मुंगी. ही गोष्ट आपल्या पुण्यातलीच आहे. १८२९ च्या जून महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातले अधिकारी विल्यम साइक्स सकाळी फिरायला निघाले होते. परेड ग्राउंडजवळच्या पडीक जमिनीवर त्यांना गवताच्या बियांचे छोटे छोटे ढीग दिसले. एकेक ढीग मूठभर. मुंग्यांनी आपल्या साठ्यातलं पावसाने भिजलेलं धान्य उन्हात वाळवायला बाहेर आणलं होतं! उत्तर युरोपातल्या मुंग्या असं धान्य साठवत नाहीत. त्यामुळे बायबलच्या नीतिसूत्रांमध्ये मुंगी उन्हाळ्यात अन्न जमवते असं म्हटलंय, ते तिकडच्या काही अभ्यासकांना खरंच वाटत नव्हतं. पुण्यातल्या मुंग्यांनी त्याला साक्ष दिली. साइक्स यांनी या जातीला नाव दिलं ‘प्रोव्हिडेन्स’, म्हणजे पुढचं पाहणारी.

म्हणजे आईचं म्हणणं बरोबर आहे. मुंगी साठवते. पण त्या ढिगातला एकही दाणा कुण्या एका मुंगीच्या नावावर नव्हता. साठा वारुळाचा. आणि तो नुसता कोंडून ठेवला तर कुजतो. आपल्याकडे उन्हाळ्यात गहू-डाळी उन्हात घालतात ना, तसंच. साठवलेल्यालाही ऊन दाखवावं लागतं.

याहून मोठी गोष्ट मुंगीच्या शरीरातच आहे. मुंगीला जणू दोन पोटं असतात. पुढचं पोट सगळ्यांचं. त्यातलं अन्न पचत नाही, ते नुसतं वाहून आणलेलं असतं. शास्त्रज्ञ त्याला ‘सामाजिक जठर’ म्हणतात. त्यामागे एक बारीक झडप आणि त्याच्या पलीकडे तिचं स्वतःचं पोट. झडप उघडून थोडंसं मागे जातं, तेवढंच तिला लागतं. बाकीचं ती घरच्यांच्या तोंडात थेंब थेंब घालते. अनेक जातींच्या मुंग्यांमध्ये हे असंच चालतं.

ताई, मला वाटतं तुझं उत्तर इथे आहे. घरी जाणारे पैसे ‘गेले’ असं तू धरतेस. ते पुढच्या पोटातले आहेत. धाकट्याची फी, बाबांची औषधं हीसुद्धा साठवणच आहे, फक्त ती ॲपमध्ये दिसत नाही. तू मागे पडलेली नाहीस.

पण दोन गोष्टी विसरू नकोस.

एक, झडप. मुंगीसुद्धा स्वतःच्या पोटात थोडं घेते. नाही घेतलं तर उद्या ती चालणार कशी आणि आणणार कशी? तेव्हा पगारातला छोटा का होईना, एक हिस्सा तुझ्या नावाने, तुझ्या अडीअडचणीला बाजूला राहायलाच हवा. त्याबद्दल अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. तो लोभ नाही.

दोन, मागणं. भुकेली मुंगी भरल्या पोटाच्या मुंगीला आपल्या मिशांनी हळूच स्पर्श करते आणि तिला थेंब मिळतो. आज देणारी उद्या मागते. आपण देतो, पण मागायला लाजतो. ‘या महिन्यात मला जमत नाहीये’ एवढं वाक्य घरी सांगता येत नाही. घरच्यांना तुझा खरा आकडा माहीत असू दे. एकाच बाजूने वाहणारं नातं मुंगीचं नव्हे.

आणि एक फरकही आहे. मुंगीला हे ठरवावं लागत नाही, तो तिचा स्वभाव आहे. आपल्याला दर महिन्याला ठरवावं लागतं, म्हणून आपल्यासाठी ती साधना होते. आपल्या परंपरेला हे ठाऊक होतं. श्राद्धाच्या पंचबलीत गाय, कुत्रा, कावळा आणि देवादिकांबरोबर मुंग्यांचाही वाटा काढतात. सगळ्यात लहान जिवाचा घास आधी, मग आपलं ताट.

आजचा संकल्प : पगार झाला की तीन ओळी लिहा. घराचं किती, माझं किती, आणि ज्यांचं माझ्याशी काहीच नातं नाही त्यांचं किती. तिसरा आकडा दहा रुपये असला तरी चालेल, पण ओळ रिकामी ठेवू नका. आणि कुणाकडे काही मागायचं राहिलं असेल, तर आज फोन करा.

हे दत्तात्रेया, जे आमच्या हातात येतं ते सगळं आमचंच आहे असं आम्हाला वाटू देऊ नकोस. आणि जे आमच्या वाट्याचं आहे ते समाधानाने घेता येऊ दे.

श्रीगुरुदेव दत्त.