कोर्टातले इंग्रजी शब्द : अर्थ आणि अंतर

इंग्रजी वर्तमानपत्रातील खटल्याची बातमी वाचताना आपण चोरीच्या सर्व शब्दांचा अर्थ 'चोरी' असाच लावतो. कायद्यात मात्र प्रत्येक शब्दाचे वजन वेगळे आहे.

मालकाच्या संमतीवाचून त्याची जंगम वस्तू लबाडीने नेणे म्हणजे थेफ्ट. भीती घालून ती त्यालाच द्यायला लावणे म्हणजे एक्स्टॉर्शन, आपली खंडणी. चोरी करताना मारहाण केली किंवा तत्काळ जिवाची भीती घातली, की ती रॉबरी होते. अशी रॉबरी पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली, की ती डेकॉइटी, म्हणजे दरोडा. हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडच्या 'डकैत'वरून उचलला. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील हे चारही प्रकार १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहेत. स्नॅचिंग, म्हणजे हिसकावून नेणे, हा गुन्हा तेथे नव्याने वेगळा सांगितला आहे.

आता माणसाकडे वळू. अक्यूझ्ड म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो. कन्व्हिक्ट म्हणजे ज्याचा गुन्हा सिद्ध झाला तो. शब्दयोजनाही ध्यानात ठेवावी : अक्यूझ्ड ऑफ, चार्ज्ड विथ, कन्व्हिक्टेड ऑफ, सेंटेन्स्ड टू.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे गावात कोणाकडे हायकोर्टाचा इंग्रजी कागद आला, की तो माझ्यापुढे येतो आणि प्रश्न एकच असतो, "सुटला का?" मराठीत 'सुटला' एकच, इंग्रजीत त्याच्या तीन तऱ्हा. बेल म्हणजे जामीन. माणूस घरी येतो, पण खटला उभाच असतो. डिस्चार्ज म्हणजे खटला चालवण्यापुरताही आधार नसल्याने आरोपीला मोकळे करणे. अक्विटल म्हणजे खटला चालून झालेली निर्दोष मुक्तता. बेलवर आलेल्याला निर्दोष समजून तो तारखेला गेला नाही, तर वॉरंट निघू शकते. उलट, अक्विट झालेल्याला गावाने जन्मभर गुन्हेगार म्हणणे हाही अन्यायच.

शेवटी एक गंमत. व्याकरणात सेंटेन्स म्हणजे वाक्य, कोर्टात शिक्षा. त्याचे मूळ लॅटिन असून तेथे अर्थ मत किंवा निर्णय असा होतो. आपल्या 'शिक्षा' शब्दाचे मूळ मात्र शिकवण्यात आहे. इंग्रजी शब्द न्यायाधीशाच्या निर्णयाकडे बोट दाखवतो. आपला शब्द शिक्षा भोगणाऱ्याने काही शिकावे अशी अपेक्षा धरतो. शब्दकोश उघडताना दोन्ही भाषा शेजारी ठेवल्या, तर असा लाभ होतो.