जनुकीय चाचणी : गाईची की वळूची?

परदेशांत मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या मोठ्या कळपांत पैदाशीची जनावरे निवडताना जनुकीय चाचणीचा आधार घेतला जातो. महाराष्ट्रात गाईंप्रमाणेच बैल व वळू यांच्याही कत्तलीस २०१५ पासून बंदी आहे. त्यामुळे येथे या चाचणीचा विचार दूध व शेतकाम यांच्या दृष्टीनेच करावयाचा आहे.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे गाईंसाठी ‘गौ चिप’चे लोकार्पण झाले. अशा चाचणीने वासराच्या भावी गुणांचा अंदाज लहानपणीच बांधता येतो. एरवी वळूची पारख त्याच्या कालवडी विऊन दूध देऊ लागल्यावरच होते. त्यात कित्येक वर्षे जातात.

भोर व वेल्हे या डोंगरी भागात दोन-चार जनावरे बाळगणाऱ्या शेतकऱ्याला निवडीस वावच थोडा असतो. प्रत्येक गाय तपासण्याचा खर्च त्याला परवडेल, असे दिसत नाही. उलट, एका वळूचे गोठित रेत हजारो गाईंपर्यंत पोहोचते. म्हणून चाचणी प्रथम वळूची व्हावी, हेच हिताचे.

मात्र चिपचा अंदाज गोठ्यातील नोंदींवरच उभा असतो. ज्या प्रकारच्या जनावरांच्या नोंदीच नाहीत, त्यांच्याविषयी तो भरवशाचा ठरत नाही. कानातील बिल्ल्याचा व वळूचा क्रमांक, रेतनाची व विण्याची तारीख, दररोजचे दूध एवढे वहीत उतरविण्यास फारसा खर्च नाही. ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांनी ही सवय गावात रुजविल्यास डोंगरातील काटक जनावरांचे गुणही उद्याच्या निवडीत मोजले जातील.