सात तुकड्यांचा खेळ

उखाण्याचे उत्तर एकदा कळले की त्यातील गोडी संपते. तोच उखाणा दुसऱ्या दिवशी कोणी घातला, तर ऐकणारा हसून उत्तर देतो. विचार करीत बसत नाही. सागरगोट्यांचे मात्र तसे नाही. आजीने लहानपणी हजार वेळा झेललेले सागरगोटे नातीच्या हाती आले म्हणजे खेळ पुन्हा पहिल्यासारखाच रंगतो. उखाण्यात जे मिळवायचे ते उत्तरात असते. सागरगोट्यांत ते हाताला साधावे लागते.

व्हिडिओ गेमही या दोन्ही जातींचे असतात. काहींत एखादी कथा दडलेली असते. राक्षस मारला, खजिना हाती आला, की कथा संपली. असे खेळ सुंदर असू शकतात. पण एकदा वाचलेल्या रहस्यकथेप्रमाणे ते बहुधा फडताळात जाऊन पडतात. दुसऱ्या जातीचा उत्तम नमुना म्हणजे टेट्रिस. त्यात कथा नाही, नायक नाही, खजिना तर नाहीच. तरीही 1984 पासून आजतागायत देशोदेशींची माणसे तो पुनःपुन्हा खेळत आली आहेत.

या खेळाचा जन्म मॉस्को शहरात, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात झाला. अलेक्सेई पाजित्नोव हे तेथील एक तरुण संशोधक. माणसाचे बोलणे यंत्राला कसे ओळखता येईल, याचा ते अभ्यास करीत. त्यांना कोड्यांचा मोठा नाद होता. पाच-पाच चौरस एकमेकांना जोडून केलेले बारा तुकडे एका डब्यात नेमके बसवावयाचे, हे कोडे त्यांच्या विशेष आवडीचे होते. तेच कोडे संगणकावर आणावे असे त्यांच्या मनात आले. हाताशी असलेले ‘इलेक्ट्रॉनिका 60’ हे यंत्र फारच साधे होते. त्याच्या पडद्यावर चित्र उमटत नसे, केवळ अक्षरे व चिन्हे उमटत. तेव्हा पाजित्नोव यांनी कंसाची चिन्हे जवळजवळ मांडून त्यांचेच चौरस केले. पाच चौरसांचे तुकडे फार प्रकारचे होतात, म्हणून त्यांनी चारच चौरस घेतले. आणि बारांच्या जागी सात तुकडे झाले. एक सरळ काठीसारखा, एक चौकोनी, एक मधोमध उंचवटा असलेला, दोन काटकोनात वळलेले आणि दोन नागमोडी. काटकोनी जोडीतील दोन तुकडे आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे एकमेकांचे उलट. नागमोडी जोडीचेही तसेच. चार या अर्थाचा ग्रीक शब्द आणि पाजित्नोव यांचा आवडता खेळ टेनिस, या दोहोंच्या मिलाफातून ‘टेट्रिस’ हे नाव तयार झाले.

हे तुकडे वरून एकेक करून खाली येत आणि खेळणाऱ्याने ते फिरवून, सरकवून नीट बसवावेत, एवढी योजना प्रथम होती. परंतु पडदा थोड्याच क्षणांत भरून जाई आणि खेळ संपे. मग पाजित्नोव यांना एक गोष्ट सुचली. जी आडवी ओळ पूर्ण भरली, तिचे आता काही काम उरलेले नाही. तर ती नाहीशीच का करू नये? त्यांनी तसे केले, आणि खेळात जीव आला.

या एका युक्तीत टेट्रिसचे मर्म आहे. नीट केलेले काम येथे क्षणात अदृश्य होते. चुकलेले तेवढे डोळ्यांसमोर साचत राहते. सापशिडीत हरलेला मुलगा फाशाला बोल लावतो व गप्प बसतो, कारण फासा आपल्या हाती नाही, हे त्याला ठाऊक असते. टेट्रिसमध्येही पुढे कोणता तुकडा येईल ते खेळणारा ठरवीत नाही. पण तो कोठे ठेवावा हे तोच ठरवितो. मधे राहिलेले भोक स्वतःच्याच हातून राहिले, घाईने टाकलेला तो नागमोडी तुकडा पलीकडे टाकावयास हवा होता, हे त्याला स्पष्ट दिसत असते. हरल्यावर ‘पुन्हा एकदा’ असे शब्द तोंडातून निघतात ते यामुळे. पुन्हा खेळावयास बसावे, तर तुकड्यांचा क्रम बदललेला! जुनी चूक सुधारण्याची संधी मिळते, पण जुने उत्तर पाठ करून भागत नाही.

या तुकड्यांत एक गंमतही दडलेली आहे. चौकटीच्या कागदावर ते सातही तुकडे कापून घ्यावेत. त्यांचे चौरस एकंदर 28 होतात. मग चार घरे रुंद व सात घरे लांब असा आयत त्यांनी भरता येईल का? करून पाहणारा थकून जाईल, पण आयत भरणार नाही. कारण सोपे आहे. आयताची घरे बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एक काळे, एक पांढरे अशी रंगवली, तर 14 काळी व 14 पांढरी होतात. सातांपैकी सहा तुकडे, कसेही ठेवले तरी, दोन काळी आणि दोन पांढरी घरे झाकतात. उंचवट्याचा तुकडा मात्र एका रंगाची तीन व दुसऱ्या रंगाचे एकच घर झाकतो. बेरीज 15 आणि 13 अशी येते. 14 आणि 14 कधीच येत नाही. एका तुकड्याच्या खोडीमुळे सातांचा मेळ बसत नाही, आणि खेळणाऱ्याच्या डोक्याला काम उरते.

गणितज्ञांनी तर याहून पुढची गोष्ट दाखवून दिली आहे. हायडी बर्गीएल या विदुषीने 1997 साली सिद्ध केले की, दोन नागमोडी तुकडे आळीपाळीने सतत येत राहिले, तर कितीही कुशल खेळाडू 70,000 तुकड्यांच्या आत हरतोच. म्हणजे यंत्राने मनात आणले तर जय अशक्यच आहे. हे समजूनही कोणी खेळ सोडला नाही. शेवट कसा होणार याची कोणाला चिंता नव्हती. तो कालच्यापेक्षा किती लांबविता येतो, हा खरा प्रश्न होता.

वादिम गेरासिमोव नावाच्या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने पाजित्नोव यांना साहाय्य करून हा खेळ अधिक प्रचारातल्या संगणकांवर आणला. फ्लॉपीवर नकला होऊन तो हातोहात पसरला. (स्वतः पाजित्नोव काम बाजूला ठेवून खेळत बसत. हे काही अनुकरणीय नव्हे, पण खेळाची परीक्षा त्यातच झाली.) 1989 साली तो जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्राबरोबर दूरदूर गेला. खेळाचे हक्क मात्र सोव्हिएत सरकारकडे होते. त्यामुळे कर्त्याला आपल्या कृतीचे मानधन मिळू लागण्यास 1996 साल उजाडावे लागले.

याच कंपनीच्या घरगुती यंत्रासाठी 1989 मध्ये निघालेल्या टेट्रिसची हकीकत ऐकण्याजोगी आहे. त्यात ओळी भरत जातील तशी पातळी वाढते आणि तुकडे अधिक वेगाने पडू लागतात. एकोणतिसाव्या पातळीवर तुकडा वरून तळाशी एका सेकंदाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शात येतो. बटण दाबून धरले तरी तो कडेपर्यंत सरकण्यापूर्वीच खाली टेकतो. तेव्हा येथे खेळ संपला, असे सर्वांनी वर्षानुवर्षे धरून चालले. काही खेळाडूंना ते पटले नाही. त्यांनी बटण दाबून न धरता अंगठ्याने ते अतिशय जलद ठोकण्याचा सराव केला. 2011 साली एक जण तिसाव्या पातळीवर पोहोचला. पुढे कोणाला याहून चांगली रीत सापडली. एक बोट बटणावर नुसते टेकवावे आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी कंट्रोलरच्या पाठीवर एकापाठोपाठ टिचक्या माराव्यात. प्रत्येक टिचकीसरशी बटण आपोआप दाबले जाते. खेळ तसूभरही बदलला नव्हता. बदलली होती ती खेळणाऱ्यांची बोटे.

डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातला तेरा वर्षांचा एक मुलगा असाच खेळत खेळत 157 व्या पातळीवर गेला. तेथे मुलगा हरला नाही, यंत्र थांबले. इतक्या पुढे कोणी येईल हे आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या ध्यानीमनी नव्हते, त्यामुळे तिला पुढचा हिशेब जमेना, आणि पडदा निश्चल झाला.

यंत्र अडकू नये म्हणून आज्ञावलीत दुरुस्ती केलेल्या प्रतीवर ऑक्टोबर 2024 मध्ये आणखी एका मुलाने 255 वी पातळी पार केली. त्या जुन्या यंत्राच्या पातळी मोजणाऱ्या खान्यात 255 हून मोठी संख्या मावत नाही. त्यामुळे पुढची ओळ भरताच आकडा उलटून शून्यावर आला, तुकडे पुन्हा संथपणे उतरू लागले, आणि मुलगा पुढे खेळू लागला.