कॉन्टॅक्ट लेन्सचा अतिवापर व लेसर नेत्रशस्त्रकर्माची योग्यता : एक पूर्वकर्मविचार

प्रस्तावना

पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात तरुण वर्गामध्ये कॉन्टॅक्ट लेन्सचा वापर आता नवा राहिलेला नाही. हिंजवडीच्या संगणक कंपनीत काम करणारा किंवा सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा रुग्ण सकाळी सातला लेन्स घालतो व रात्री अकराला काढतो. क्वचित ती न काढताच झोपतो. दहा-बारा वर्षांनी डोळे चुरचुरू लागले, की तो आमच्यासमोर बसून विचारतो, "डॉक्टर, लेसर करून घेऊ का?" या प्रश्नाला सरसकट नकार देणे जितके अयोग्य, तितकाच सरसकट होकारही. शस्त्रकर्माचा निर्णय नेत्रशल्यतज्ज्ञाचा आहे. परंतु रुग्ण प्रथम आपल्याकडे येत असल्याने पूर्वकर्माची जबाबदारी काही अंशी आपल्यावरही येते.

शारीर व विकृती विचार

डोळ्याच्या पुढील पारदर्शक स्वच्छमंडलास, म्हणजेच कॉर्नियास, रक्तवाहिन्या नसतात. उघड्या डोळ्यात त्यास प्राणवायू मुख्यतः अश्रूंच्या थरातून, बाहेरील हवेपासून मिळतो. लेन्स हा मार्ग अंशतः अडविते. डोळे मिटून झोपल्यास हा पुरवठा आणखी घटतो. दीर्घकाळ असे घडल्यास स्वच्छमंडलास सूज येते, कडेकडून सूक्ष्म वाहिन्या आत शिरू लागतात आणि त्याची वक्रता बदलते. वरच्या पापणीच्या आत खडबडीत पिडका येतात व अश्रूंचा थर अस्थिर होतो. सर्वांत आतील पेशींचा थर पुन्हा निर्माण होत नाही, म्हणून त्यातील बदल पूर्णपणे भरून येत नाहीत.

लेसरच्या दृष्टीने यांतील दोन बाबी निर्णायक ठरतात. सुजलेले स्वच्छमंडल प्रत्यक्षाहून जाड मोजले जाते आणि दबलेल्या वक्रतेमुळे चष्म्याचा नंबरही खोटा येतो. लॅसिक पद्धतीत याच ऊतीचा काही भाग एक्सायमर किरणांनी कायमचा काढला जातो. चुकीच्या मापावर झालेले शस्त्रकर्म परत फिरविता येत नाही.

एक रुग्णानुभव

आमच्याकडे आलेली ३१ वर्षांची एक रुग्णा १२ वर्षे मऊ लेन्स वापरत होती. रोजचा वापर सुमारे १५ तास. लग्न तीन आठवड्यांवर आले होते व त्यापूर्वी लेसर व्हावे असा तिचा व घरच्यांचा आग्रह होता. लेन्स काढून दुसऱ्याच दिवशी केलेल्या तपासणीत स्वच्छमंडलाची जाडी ५३१ मायक्रॉन व नंबर उणे ६.७५ आला. टोपोग्राफीत असमान वक्रता दिसल्याने शंकूसारख्या फुगवट्याची, म्हणजे केराटोकोनसची, शंका उपस्थित झाली. शल्यतज्ज्ञांनी तारीख देण्याचे नाकारले. रुग्णा रडतच आमच्याकडे आली. तो नकार हीच तिची पहिली चिकित्सा होती, हे तिला समजावून सांगण्यास आम्हांस बराच वेळ लागला.

तिने लग्न चष्म्यावर केले. सहा आठवड्यांनंतर जाडी ५१२ मायक्रॉन, नंबर उणे ६.०० व वक्रता समान झाली. पुढे दोन आठवड्यांनी पुन्हा तीच मापे आली, तेव्हाच ती विश्वासार्ह मानली गेली.

योग्यतेचे निकष

१) लेन्स बंद ठेवण्याचा काळ : पहिल्या तपासणीपूर्वी मऊ लेन्स २ आठवडे, टोरिक वा वायुपारगामी कडक लेन्स ३ आठवडे व जुन्या प्रकारची कडक लेन्स ४ आठवडे बंद ठेवावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. अतिवापर करणाऱ्यास हा किमान काळ समजावा. मापे स्थिर होईपर्यंत थांबावे.

२) शिल्लक जाडी : ६.५ मि.मी. क्षेत्रासाठी प्रत्येक नंबरमागे सुमारे १४ मायक्रॉन ऊती जाते. वरील रुग्णेत ६ × १४ = ८४ व झडपेचे ११० मिळून १९४ मायक्रॉन होतात; ५१२ मधून ३१८ उरतात. किमान २५० उरावेत असा नियम असून अनेक तज्ज्ञ ३०० चा आग्रह धरतात.

३) स्थिर नंबर : वय किमान १८ आणि वर्षभरात अर्ध्या नंबरापेक्षा अधिक बदल नसावा. गर्भिणी व स्तनपान काळात शस्त्रकर्म पुढे ढकलावे.

४) अश्रू : शर्मर चाचणीत ५ मिनिटांत १० मि.मी. हून कमी ओल असल्यास शुष्कतेचा शोध घ्यावा. शस्त्रकर्मात सूक्ष्म संवेदी नाड्या छेदल्या जात असल्याने काही महिने कोरडेपणा वाढतो.

सैन्य वा पोलीस भरतीची इच्छा असलेल्यांनी त्या-त्या भरतीचे लेसरविषयक नियम आधीच पाहावेत. चाळिशीनंतर वाचनाचा चष्मा लागणारच, हेही स्पष्ट सांगावे.

आयुर्वेदीय विचार

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात नेत्ररोगांच्या हेतूंमध्ये सूक्ष्म वस्तूंचे सतत निरीक्षण, निद्राविपर्यय, रज व धूम यांचा निर्देश केला आहे. संगणक, रात्रपाळी व रस्त्यावरील धूळ असलेल्या रुग्णाचे हे जणू वर्णनच होय. लेन्सजन्य कोरडेपणाची लक्षणे शुष्काक्षिपाकाशी जुळतात. म्हणून निदानपरिवर्जन, म्हणजे लेन्स बंद करणे, हीच प्रथम चिकित्सा. त्यानंतर निद्रानियमन, पादाभ्यंग, आभ्यंतर घृतपान व स्वच्छमंडल अक्षत असल्याची खात्री करून तर्पण यांचा विचार करावा. वरील रुग्णेत शर्मर चाचणी ६ मि.मी. होती. लेन्सबंदीच्या काळात तर्पण व पथ्यासह ती ११ वर आली. यातील श्रेय किती लेन्सबंदीचे व किती तर्पणाचे, हे एका रुग्णावरून ठरविता येणार नाही. नंबर वा जाडी औषधांनी बदलली असा दावा मात्र आम्ही करीत नाही व कोणी करूही नये.

वैद्यांनी घ्यावयाची दक्षता

लेन्स डोळ्यात असताना अंजन, मध वा घृत कदापि वापरू नये. स्निग्ध थर मापांत व्यत्यय आणू शकतो, म्हणून तपासणीपूर्वी आठवडाभर आम्ही तर्पण थांबवितो. शस्त्रकर्मानंतर शल्यतज्ज्ञाच्या संमतीशिवाय कोणतेही आश्च्योतन, अंजन वा तर्पण करू नये. डोळा चोळू देऊ नये.

लेन्स वापरणाऱ्यास वेदना, लाली, प्रकाश असह्य होणे वा बुबुळावर पांढरा ठिपका यांपैकी काहीही आढळल्यास तो सव्रण शुक्र समजून त्याच दिवशी नेत्ररुग्णालयात पाठवावे. लेन्स व तिची डबीही सोबत द्यावी, म्हणजे जंतूंची तपासणी होऊ शकते. लेन्स घालून झोपणाऱ्यांत स्युडोमोनास व नळाच्या पाण्याने लेन्स धुणाऱ्यांत अकँथामीबा यांचा संसर्ग काही काळातच दृष्टी हिरावू शकतो. अशा वेळी चिकित्सेचा प्रयोग करीत बसणे हा अपराधच.

उपसंहार

पुढे त्या रुग्णेचे लेसर झाले व दृष्टी समाधानकारक आहे. तथापि या अनुभवातून आम्ही शिकलो ते वेगळेच. शस्त्रकर्म काही मिनिटांचे असते, त्याचे पूर्वकर्म मात्र आठवड्यांचे. ते आठवडे रुग्णाने धीराने घालवावेत यासाठी त्याच्या मनाची तयारी करणे, हे आपणा सर्व वैद्यबंधू-भगिनींचे काम आहे. इत्यलम्।